उभी राहिलेली जुनी गाडी चालू व्हायला वेळ का घेते: कारण शोधण्याची पद्धत आणि उपाय

कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली) जुनी गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की तिचा ठरलेला हट्ट सुरू होतो. सेल्फ मारत राहा, इंजिन फिरत राहतं, पण पेट घेत नाही. स्टार्टरचा आवाज बसायला लागतो तेव्हा कुठे एखादं सिलिंडर पकडतं, इंजिन दोनदा अडखळतं आणि चालू होतं. त्यानंतर दिवसभर किल्ली फिरवली की लगेच तयार. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही तक्रार नाही. पुन्हा दोन आठवडे उभी ठेवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. मिक्श्चर चुकलेलं असतं, टायमिंग सरकलेलं असतं किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसते, तर त्रास रोजच झाला असता. जी गाडी रोज सकाळी थंड इंजिनावर नीट उचलते तिचं सेटिंग बरोबर आहे. त्रास फक्त उभं राहिल्यावर होतो, म्हणजे उभं राहिल्यामुळे काय बदलतं एवढंच शोधायचं. पेट्रोल जागेवरून निघून जातं, बॅटरी उतरते, पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) थर चढतो, पेट्रोल शिळं होतं. मुख्य संशयित हे चार.

म्हणून पहिलं सांगणं, आणि हे अगदी कळकळीचं आहे: या तक्रारीसाठी कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका. वर्षानुवर्षं सुरेख चालणारी मिक्श्चर सेटिंग याच एका तक्रारीपायी बिघडवलेली मी फार पाहिली आहेत. मूळ दोष तसाच राहतो, वर गाडी आयडलला धडधडायला लागते, आणि मग कोणता दोष आधीचा आणि कोणता नंतर घातलेला हेच कळेनासं होतं.

पाना उचलण्याआधी

आधी आठवा, किती दिवस उभी राहिल्यावर त्रास होतो. एका रात्रीतच होत असेल तर पेट्रोल कुठेतरी गळतं आहे, किंवा पाइपमधून परत टाकीत जातं आहे. आठ-पंधरा दिवसांनी होत असेल तर बहुधा फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यातलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं. दोन-चार महिन्यांनी होत असेल तर शिळं पेट्रोल, बॅटरी आणि पॉइंट हे तिघेही रांगेत येतात.

मग स्टार्टरचा आवाज ऐका. इंजिन जोरात, एका लयीत फिरत असूनही पेट घेत नसेल तर पेट्रोल किंवा ठिणगी. जडपणे, ओढत ओढत फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या केबली. आणखी एक खूण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: सेल्फ मारताना काहीच होत नाही, पण किल्ली सोडता सोडता इंजिन एकदम पकडतं. ती खूण बॅलास्ट रेझिस्टरच्या वायरिंगची आहे, तिच्याविषयी पुढे लिहितो.

नाकाचाही उपयोग करा. आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्यावर बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येत नसेल तर इंजिनापर्यंत पेट्रोल पोचलेलंच नाही. भसकन वास येत असेल तर जास्त झालं आहे. शंका उरली तर एक प्लग काढून पाहा. चोक (थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी सोय) ओढून इतकं फिरवल्यावरही प्लगचं टोक ठणठणीत कोरडं असेल तर पेट्रोलच्या बाजूला शोधायचं, ओलं असेल तर ठिणगीच्या बाजूला. या एका पाहणीने निम्मं काम वाचतं, तरी बहुतेक जण ती सोडून थेट डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) उघडतात.

पुढच्या चाचण्यांत उघडं पेट्रोल हाताळावं लागतं. गाडी मोकळ्या हवेत घ्या, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलचा पाइप सोडून सेल्फ मारायचा असेल तर कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनाच्या धातूला नीट अर्थ करा, म्हणजे ठिणगी कुठे उडणार नाही. आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीतून पेट्रोल ओतून कोणीतरी सेल्फ मारायचा, हा प्रकार कधीही करू नका. इंजिनाने उलटा भडका मारला तर ज्वाला त्याच तोंडातून वर येते, आणि तिथे हातात उघडी बाटली असते.

फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे का?

इंजिन चालू व्हायला लागणारं पहिलं पेट्रोल टाकीतून येत नाही, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधून येतं. लहान इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये हा साठा अगदीच थोडा असतो. त्यात फ्लोट चेंबरला हवेसाठी वाट ठेवलेली असते आणि तीच बाष्पाचीही वाट होते. गाडी फिरवून आणून बंद केली की पंखा थांबतो, पाण्याचा फेरा थांबतो, पण इंजिनातली उष्णता तशीच असते. ती वर चढते आणि कार्ब्युरेटर चालताना होता त्याहून जास्त तापतो. म्हणजे साठ्यातला बराचसा भाग गाडी लावल्यानंतरच्या पहिल्या तासातच उडतो, उरलेला पुढच्या दिवसांत हळूहळू.

पेट्रोल हा एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. हलके घटक ३०-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. थंड इंजिन पेटतं ते हलक्या घटकांवर, आणि उडून जातात तेही नेमके तेच. म्हणून कधी कधी फ्लोट चेंबर उघडल्यावर तळाशी पेट्रोल दिसतं आणि माणूस म्हणतो, 'पेट्रोल तर आहे की!' आहे, पण त्यातलं पेटणारं गेलेलं आहे. ताजं पेट्रोल वर चढून ते बदललं जाईपर्यंत इंजिन फक्त हुंगत राहतं.

तपासणी सोपी आहे. गाडी उभी राहून त्रासाचे दिवस भरले की किल्लीला हात लावण्याआधीच एअर फिल्टर काढा. सोलेक्स, वेबर, झेनिथ, होली अशा कार्ब्युरेटरना सहसा ऍक्सिलरेटर पंप (पेडल दाबलं की पेट्रोलची धार सोडणारा छोटा पंप) असतो. बॅटरीवर चालणारा टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन उघडा. आत बारीक नळीतून पेट्रोलची सरळ धार उडाली पाहिजे. नुसता 'फुस्स' आवाज आला किंवा थेंबभर गळलं तर चेंबर रिकामं. एसयू आणि स्ट्रोमबर्ग सीडी या सरकत्या पिस्टनच्या जातीत ऍक्सिलरेटर पंप नसतो. तिथे फ्लोट चेंबरचं झाकण उघडूनच पाहावं लागतं.

खात्री करायची असेल तर चेंबर हाताने भरा. सिरिंजला छोटी रबरी नळी जोडून फ्लोट चेंबरच्या हवेच्या भोकातून १५-२० मिलिलिटर ताजं पेट्रोल हळूहळू आत सोडा. बाहेर सांडलेलं पुसा, वास जाऊ द्या, एअर फिल्टर परत बसवा, मग नेहमीप्रमाणे चोक ओढून किल्ली फिरवा. इंजिनाने दोन फेऱ्यांत पकडलं तर विषय संपला: ठिणगी, कॉम्प्रेशन, चोक सगळं ठीक आहे, आणि दोष पेट्रोल निघून जाण्यात किंवा उशिरा पोचण्यात आहे. सिरिंजच्या दट्ट्याचं रबर पेट्रोलने फुगतं, त्यामुळे काही वापरांनंतर ती टाकून नवी घ्यावी लागते.

एका रात्रीतच चेंबर रिकामं होत असेल तर मात्र ते उडणं नव्हे, गळणं आहे. काही कार्ब्युरेटरच्या तळाला कारखान्यात भोकं पाडून ती बुचांनी बंद केलेली असतात. ही बुचं जुनी झाली की पेट्रोल गुपचूप इनटेक मॅनिफोल्डमध्ये झिरपतं. रोचेस्टर क्वाड्राजेट यासाठी प्रसिद्ध आहे. खूण अशी की गाडी कशीबशी चालू झाल्यावर काही सेकंद काळा धूर सोडते. एसयूमध्ये जेटचं सील आणि जेटला जोडलेली नळी पाहा. तिथली गळती बाहेर ओल आणि डाग सोडते, म्हणून ती लवकर सापडते.

पेट्रोल वर चढायला वेळ का लागतो

चेंबर रिकामं होणं ही जुन्या गाडीची जातच आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यावर, नवी असतानाही, ते काही प्रमाणात होतच असे. खरा प्रश्न पुढचा: ते परत भरायला किती वेळ लागतो? पंप आणि पाइप पेट्रोलने भरलेले असतील तर मोजक्या सेकंदांत चेंबर भरतं. पाइपच टाकीपर्यंत रिकामा झाला असेल तर पंपाला आधी सगळी हवा ओढावी लागते, मग पेट्रोल, मग चेंबर.

बहुतेक मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवर चालतात आणि कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला १५०-२०० फेरे फिरत असेल तर पंपाला मिळतात ७५-१०० ठोके, म्हणजे सेकंदाला एक-दीड. त्यात जुना कडक डायफ्रॅम हवा ओढायला आणखी कमकुवत. चालू इंजिनावर हाच पंप कधी कमी पडत नाही, कारण आयडललाच त्याला मिनिटाला चारशेच्या आसपास ठोके मिळतात. म्हणून 'पंप चांगला आहे, हायवेला गाडी छान पळते' हा पुरावा इथे चालत नाही. द्रव ढकलता येणं आणि रिकाम्या पाइपातली हवा ओढता येणं या वेगळ्या क्षमता आहेत.

पेट्रोल टाकीकडे परत का जातं? पंपाच्या आत दोन झडपा असतात, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. गाडी बंद झाल्यावर पेट्रोलचा स्तंभ पाइपात टिकवून ठेवणं त्यांच्याच हाती. झडपेखाली गंजाचा कण अडकला, तिचं रबर ताठरलं की ती गळते. दुसरं कारण म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात कुठेतरी हवा शिरणं. या भागात पेट्रोल दाबाखाली नसतं, ओढलं जात असतं. त्यामुळे तिथलं भोक बहुधा गळत नाही, थेंब पडत नाही, वास येत नाही. ते फक्त हवा आत घेतं. स्ट्रॉला मध्येच चीर पडली की जसं नुसती हवा ओढली जाते, तसंच हे.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. टाकीच्या तोंडाशी आणि पंपाजवळ असे पाइपचे रबरी तुकडे असतात. ते वरून धडधाकट दिसतात. क्लिप सैल करून तुकडा बाहेर काढा आणि बोटांत धरून पूर्ण वाकवा. बाहेरच्या वाकावर जाळीसारख्या बारीक भेगा उघडतात. सरळ असताना त्यांतली एकही दिसत नाही. टोक पाहा: क्लिप जिथे बसली होती तिथे रबर दबून कायमचं चपटं झालेलं असतं आणि परत फुगत नाही. असा तुकडा क्लिप कितीही आवळली तरी हवा घेणार. पंपावर काचेची वाटी असेल तर तिच्या खालचं बुचाचं (कॉर्कचं) गॅस्केट पाहा. बूच पेट्रोलमध्ये भिजलेलं असतं तोवर फुगून घट्ट बसतं, गाडी उभी राहून वाटी कोरडी पडली की आकसतं. दोष वाढत जाण्याचं हेही एक कारण: पेट्रोल उतरतं म्हणून बूच सुकतं, बूच सुकलं म्हणून पेट्रोल आणखी लवकर उतरतं. टाकीच्या आत पेट्रोल उचलणारी नळी वरच्या बाजूला गंजून तिला भोक पडलं असेल तर टाकी भरलेली असताना गाडी शहाणी आणि अर्ध्यावर आली की हट्टी, असं वागणं दिसतं.

टाकीचं झाकणही विसरू नका. त्याची हवा येण्याची वाट बंद झाली असेल तर गाडी थंड होताना टाकीत ओढ तयार होते आणि पाइपमधलं पेट्रोल ती स्वतःच मागे खेचते. उभ्या गाडीचं झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा 'स्स' आवाज आला तर समजा. अशा गाडीला झाकण सैल ठेवून एकदा उभी करून पाहा. फरक पडला तर झाकण बदला.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, पेट्रोलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा. इंजिन चालू असताना त्यात फुग्यांची माळ सतत पळताना दिसली तर टाकीच्या बाजूने हवा येते आहे. गाडी बंद केल्यावर नळीकडे पाहत राहा. पेट्रोलची पातळी सावकाश मागे सरकताना दिसली तर संशयाला जागाच उरत नाही. माझ्या मते या एका चाचणीइतकी शिकवणारी दुसरी नाही, कारण एरवी आपण जे अंदाजाने बोलतो ते इथे समोर घडतं. नळी काम झालं की लगेच काढा. इंजिनाच्या उष्णतेजवळ ती कायम ठेवण्यासारखी नसते.

दुसरी चाचणी चिमट्याची. गाडी फिरवून आणली की टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी तुकडा होज-क्लॅम्पने दाबून बंद करा आणि नेहमीइतके दिवस उभी ठेवा. चालू करण्याआधी क्लॅम्प काढायला विसरू नये म्हणून किल्लीला चिठ्ठी बांधा. या वेळी लवकर चालू झाली तर पेट्रोल मागे जात होतं हे सिद्ध झालं. काहीच फरक पडला नाही तर हवा क्लॅम्पच्या पुढे, म्हणजे पंपात किंवा त्याच्या वाटीत शिरते आहे, किंवा पंपच थकला आहे.

मेकॅनिकल पंपाच्या बाबतीत एक तपासणी आधीच करून टाका: डिपस्टिक काढून तिचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल क्रँककेसमध्ये जातं आहे, किंवा फ्लोटची नीडल (चेंबर भरलं की पेट्रोल अडवणारी झडप) अडकून ते सिलिंडरमधून खाली उतरतं आहे. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका. दोष काढून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगांशी खेळ.

इलेक्ट्रिक पंपाच्या गाड्यांत कानाने बरंच कळतं. मॉरिस मायनर किंवा एमजीबीसारख्या गाड्यांमधला एसयूचा पंप किल्ली दिल्यावर टकटक-टकटक भराभर वाजतो, चेंबर भरत आलं की संथ होतो आणि मग थांबतो. थांबतच नसेल तर तो हवा ओढतो आहे, नाहीतर फ्लोटची नीडल बंद होत नाही. अजिबात वाजत नसेल तर उभं राहून त्याचे स्वतःचे कॉन्टॅक्ट काळे पडले आहेत. लाकडी दांड्याने हलकेच टकटक केल्यावर तो जागा झाला तर निदान पक्कं, पण उपाय दांडा नव्हे, कॉन्टॅक्ट साफ करणं किंवा बदलणं हा आहे.

उपाय, आणि कोणते आधी

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुणकारी: टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदम बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला, डायफ्रॅमला आणि बुचाच्या गॅस्केटला मानवत नाही. नवी नळी एसएई जे३० आर९ दर्जाची घ्या. ती इथेनॉल सोसते आणि तिच्यातून बाष्पही कमी झिरपतं. जुन्या नळीच्या आतल्या व्यासाएवढीच घ्या. सैल नळी क्लिपने आवळून बसवली की तिथेच सुरकुती पडते आणि हवा शिरते. त्याच वेळी पंपाच्या वाटीचं गॅस्केट आणि शक्य असेल तर डायफ्रॅम-झडपांचा संचही टाका.

दुसरा उपाय पंपावरच असतो आणि अनेकांना माहीत नसतो. जुन्या एसी (AC) या कंपनीच्या बनावटीच्या बऱ्याच मेकॅनिकल पंपांना खाली किंवा बाजूला हाताने हलवायचा एक छोटा दांडा दिलेला असतो. उभी गाडी चालू करण्याआधी तो वर-खाली करायचा. सुरुवातीला दांडा भरीव लागतो, चेंबर भरलं की तो एकदम हलका होतो, कारण डायफ्रॅमला पुढे ढकलायला जागा उरत नाही. दांडा पहिल्यापासूनच ढिला लागला तर पंप खराब समजू नका. कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या हातावर येऊन थांबलेला असू शकतो. इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा, कॅम अर्धा फेरा सरकेल, मग पुन्हा पाहा.

तिसरा उपाय टाकीच्या बाजूच्या पाइपात एकदिशा झडप बसवण्याचा. पंपाच्या झडपा किंचित गळत असतील तर तो चालतो, पण हवा शिरणारं भोक तो बुजवत नाही. म्हणून नळ्या बदलल्यानंतरच त्याचा विचार करा.

इलेक्ट्रिक पंप जोडणं हा शेवटचा उपाय, आणि तो अर्धवट केलेला मला मुळीच पटत नाही. किल्ली दिल्याबरोबर चेंबर भरतं, हा त्याचा फायदा खराच. पण मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबतो, इलेक्ट्रिक पंप अपघातात इंजिन थांबलं तरी पेट्रोल ढकलतच राहतो. धक्का बसला की वीज तोडणारा इनर्शिया स्विच, किंवा ऑइल प्रेशर नसेल तर पंप बंद करणारी जोडणी, यांच्याशिवाय तो बसवू नका. पंपाचा दाबही पाहा. एसयूसारख्या कार्ब्युरेटरना साधारण ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची नीडल त्याच्यापुढे टिकणार नाही आणि पेट्रोल वरून वाहील.

बॅटरी आणि केबली

उभी गाडी चालू करण्याआधी व्होल्टमीटर लावण्याची सवय फार उपयोगी पडते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ उतरलेली. घड्याळासारखी एखादी वस्तू सतत ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांच्या आतच निम्मी. उभी ठेवताना एक टर्मिनल काढा किंवा कट-ऑफ स्विच लावा.

बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर जड वाटत असेल तर केबली मोजा. सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ पोस्टवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर धरा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. बॅटरीच्या दुसऱ्या पोस्टपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत अर्धा व्होल्ट ही मर्यादा धरा. गंजलेल्या अर्थ केबलमुळे स्टार्टर बदलले जातात, हे पाहून वाईट वाटतं.

ठिणगी

प्लग ओला निघाला तरच इकडे या. उभ्या गाडीच्या पॉइंटवर ऑक्साइडचा अदृश्य थर चढतो. इग्निशन चालू, पॉइंट बंद अशा स्थितीत कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकापासून इंजिनापर्यंतचे व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत असले पाहिजेत. जास्त असतील तर पॉइंटमधून कडक पांढऱ्या कागदाची पट्टी थोडं सॉल्व्हंट लावून ओढा, मग कोरडी पट्टी. सँडपेपर नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. मापन झालं की इग्निशन बंद करा, पॉइंट बंद स्थितीत किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते. लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण माना. कॅपच्या आत ओल धरली असेल तर कोरड्या कापडाने पुसा आणि रोटरवर केसासारखी काळी रेघ आहे का पाहा.

आता ती किल्ली सोडताना पकडणारी गाडी. ज्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असतो, तिथे सेल्फ मारताना रेझिस्टर वगळून बॅटरीची वीज थेट कॉइलला द्यायची सोय असते, कारण तेव्हा स्टार्टरमुळे व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं. ही वगळणारी वायर तुटली किंवा तिचा कॉन्टॅक्ट गेला की सेल्फ मारताना ठिणगी मरतुकडी होते आणि किल्ली सोडताच, स्टार्टरचा भार गेल्यामुळे, सुधारते. सेल्फ मारताना कॉइलच्या इग्निशनकडच्या टोकाला मीटर लावा. बॅटरीच्या टोकांवर त्या क्षणी जे व्होल्टेज आहे जवळजवळ तेवढंच इथे आलं पाहिजे. बरंच कमी असेल तर स्टार्टर सोलेनॉइड किंवा इग्निशन स्विचपासून येणारी ती वायर शोधा.

चोक आणि पाय

चोकची केबल बाहेर ओढली म्हणून चोक लागला असं नाही. कोणाला तरी केबल ओढायला सांगून कार्ब्युरेटरपाशी स्वतः पाहा. केबलचा स्क्रू सरकलेला असतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातली हवा अडवणारी पाकळी निम्मीच बंद होते, हे फार वेळा घडतं. एसयूमध्ये पाकळीच नसते, चोक ओढल्यावर जेट खाली उतरतो. तो सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने अडकलेला नाही ना ते पाहा.

ऍक्सिलरेटर किती दाबायचा हेही चोकच्या जातीवर ठरतं. ऑटोमॅटिक चोकला पेडल एकदा पूर्ण दाबून सोडावं लागतं, नाहीतर पाकळी बंदच होत नाही. ऍक्सिलरेटर पंप असेल तर दोन-तीन वेळा दाबल्याने मदत होते, अर्थात चेंबरमध्ये पेट्रोल असेल तरच. पण काही सोलेक्समध्ये चोकऐवजी स्टार्टिंगचं वेगळंच सर्किट असतं, आणि ते थ्रॉटल बंद असतानाच्या ओढीवर चालतं. तिथे पेडलला पाय लावला की ती ओढ मोडते. त्या गाडीवर बसून पेडल मारणारा माणूस स्वतःच ती उशिरा चालू करतो. जास्त पेट्रोल जाऊन इंजिन गुदमरलं असेल तर मात्र चोक पूर्ण आत ढकलून (म्हणजे बंद करून) पेडल शेवटपर्यंत दाबून धरा, पंपासारखं मारू नका, आणि सेल्फ मारा.

कुठल्याही परिस्थितीत एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. जुने स्टार्टर दमले की तापतात, आणि वाइंडिंग एकदा जळलं की साधी तक्रार मोठी होते.

महिनोन्महिने उभी असेल तर

इथे क्रम बदलतो. आधी टाकीतल्या पेट्रोलचा वास घ्या. वार्निशसारखा आंबूस वास आणि गडद रंग असेल तर ते काढूनच टाका, त्यात ताजं मिसळून भागत नाही. इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, त्याहून जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल उचलणारी नळी नेमकी तळाशीच असते. काचेच्या बाटलीत नमुना काढून उजेडात धरला की दोन थर स्पष्ट दिसतात. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रव्य) घाला आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल.

सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि इंजिन आधी पान्याने हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, ऑइल मुरू द्या. मोकळं फिरलं की प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर अर्थ करून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे स्टार्टरवर भार नसतो, आणि तेवढ्यात पंपही पेट्रोल वर आणतो. भोकांसमोर तोंड नेऊ नका, ऑइल जोरात बाहेर उडतं. मग प्लग बसवून नेहमीसारखी चालू करा.

एवढं होऊनही फक्त एकच सिलिंडर थंड राहत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. अडकलेला व्हॉल्व्ह बरेचदा टॅपेट कव्हर काढून पाहिल्यावर दिसतो: बाकीचे वर-खाली होतात, तो दाबलेलाच राहतो. त्याच्या गाइडवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून मुरू द्या आणि तो मोकळा होईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका, नाहीतर पुशरॉड वाकतो.